एका खांद्यापुरतं गाणं

तांडा, पुसेगाव
२३ फेब्रुवारी

जगन,

गुरुवारी सकाळी मी हिंगोलीला हळद घेऊन गेलो होतो. गेल्या सालची राखून ठेवलेली पोती. आंघोळ केली, मठात सेवालाल महाराजांपुढं दिवा लावला, फडक्यात भाकर बांधली आणि टेम्पोत मागं पोत्यांवर बसलो. मार्केटात बोली लागायला वेळ होता. हमाल पोत्यांना टेकून बसले होते. मी फडकं सोडत होतो आणि माझ्या पाठीमागं याडी रडली.

आपली याडी. आई घरी तांड्यावर आणि तिचं रडणं हिंगोलीत, पाठीमागं, दोन हातांवर. मी वळलो. एका तरुण हमालाच्या हातात फोन होता आणि त्यात तिचं तोंड होतं. इतकं जवळून की हनुवटीवरचं गोंदण पडद्यात मावत नव्हतं.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"थांबा की काका. आत्ता ठेका पडतो बघा. रडता रडता एकदम पडतो. लई मस्त हाय."

आणि जगन, मी थांबलो. त्याच्या हातून फोन हिसकावला नाही, 'ती माझी आई आहे' असं म्हणालो नाही. ठेका कधी पडतो ते बघत उभा राहिलो. याडीनं हुंदका घेतला, आपल्या बहिणीचं, मिनाचं, नाव घेतलं, आवाज चिरकला, आणि त्या चिरकलेल्या जागीच धाडकन तो ठेका पडला. हमालाचा पाय हलायला लागला. शेजारच्याचाही हलला. माझा हलला की नाही ते मला माहीत नाही, मी खाली पाहिलं नाही.

खाली तुझं नाव होतं. गीत, संगीत, दिग्दर्शन, सगळीकडं तूच. याडीचं नाव कुठंच नव्हतं. 'खरे अश्रू' एवढं मात्र लिहिलेलं होतं.

हळद आली त्या भावात देऊन टाकली. भाकर तशीच परत आणली आणि म्हशीपुढं टाकली. 

जानेवारीत मी पोहरादेवीला गेलो होतो तेव्हा तू येऊन गेलास, एवढं तुझ्या भावजयीनं, जमनाबाईनं, मला सांगितलं होतं. "भावजींनी आत्याबाईचा आवाज भरून घेतला, जपून ठेवायला," असं ती म्हणाली. मला बरं वाटलं होतं. धाकट्या भावाला आईचा आवाज जपावासा वाटला यात वाईट वाटण्यासारखं काय असतं?

आता मला एकच सांग. ढावलो ही काही मागितल्यावर येणारी गोष्ट नाही. मुलगी सासरी निघाली की एकेका माणसाच्या गळ्यात पडून बाया तो रडतात. लग्न नव्हतं, नवरी नव्हती. मग याडी रडली कशी? तिला मिनाची आठवण कुणी करून दिली?

उत्तर फोनवर दे, नाहीतर देऊ नको. मी कागदावरच लिहीन. फोनवर तू बोलायला लागलास की मला तुझं पटायला लागतं. लहानपणापासून तसंच आहे.

भीमसिंग


९ मार्च

जगन,

तू पाठवलेला आवाजी निरोप तीनदा ऐकला. शेताच्या बांधावर बसून ऐकला, घरात नाही.

तू म्हणतोस, "भिया, लोकं आता डोळ्यानं न्हाई, अंगठ्यानं पाहतात. अंगठा थांबला तर थांबला, न्हाई तर गेला. पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरावा लागतो." म्हणून याडीचा हुंदका सगळ्यात आधी ठेवला. मग ठेका, कारण नुसतं रडणं कुणी दोन मिनिटं ऐकत नाही. मग मध्ये पुन्हा तोंड, कारण तोवर माणूस निसटायला लागतो. तू हे सगळं असं सांगतोस जसा एखादा माळी कलम बांधायचं सांगतो. त्यात तुझी लबाडी नाही, हे मला कळतं. त्यामुळं जास्त किळस येते.

आपलं भजन आठव. अर्धा तास नगारा शेकण्यात जातो. कुणाची झांज सापडत नाही. गुलाबचंद नायक खोकतो, पाणी मागतो, पुन्हा खोकतो. कुणी मधूनच उठून गेला तर आपण त्याला विचारत नाही, त्याची म्हैस व्याली असेल. आपण कुणाला धरत नाही. जो बसतो तो आपणहून बसतो, आणि मग पहाटेपर्यंत हलत नाही. माणूस धरावा लागतो हे मी फक्त मासोळीच्या बाबतीत ऐकलं होतं.

मी जमनाबाईला खोदून विचारलं. तिनं पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं.

तू पुण्याहून एक मुलगी आणलीस. तिला आपला फेटिया-काचळीचा पोशाख घातलास, भाड्यानं आणलेला. याडीला म्हणालास, हिच्या गळ्यात पड आणि ढावलो म्हण. याडीनं म्हटला. पण रडू येईना, कारण ती मुलगी कुठंच चालली नव्हती. चहा पिऊन पुण्याला जाणार होती. शिवाय याडी नेहमीसारखी तोंड खांद्यात खुपसून म्हणायची, आणि तू म्हणायचास, "याडी, तोंड इकडं. लाइट इकडं हाय." पाच-सहा वेळा असं झालं. याडी हसली सुद्धा म्हणे. "तुझा दिवा काय मला गिळतो का रं?" म्हणाली.

मग तू खाली बसलास, तिचे पाय धरलेस आणि म्हणालास, "याडी, ही मिना हाय असं समज. मिना आत्ता निघून राहिली, तिला पुन्हा येता यायचं न्हाई, तुला माहीत हाय. आता तिला अडव."

आपली मिना लग्नानंतर वर्षाच्या आत तापानं गेली तेव्हा तू मिसरूड न फुटलेला होतास. तरी तुला बरोबर कळलं की ती जखम कुठं आहे आणि बोट कुठं घालायचं.

जमनाबाई म्हणते, याडी त्या परक्या मुलीला सोडीना. दोघांनी हात सोडवले. आणि तू कॅमेरावाल्याला म्हणालास, "आलं का? आलं का सगळं?"

मी याडीला काही विचारलं नव्हतं. पण परवा माझ्या शितलनं विचारलं. तिचं लग्न वैशाखात ठरतंय हे तुला ठाऊक आहे. पोरगी दादीजवळ जाऊन बसली, म्हणाली, "दादी, मला ढावलो शिकव ना."

याडी ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा आवाज उष्टा झाला बाई. उष्टं कुणाच्या लग्नात वाढू नये."

एवढंच. त्यानंतर ती गुणगुणलेलीही मी ऐकली नाही. गोठ्यात जाताना ती नेहमी काहीतरी म्हणायची. आता गोठा मुका आहे.

भीमसिंग


३० मार्च

जगन,

तू फोनवर हसलास ते मला ऐकू आलं, आणि फोन नायकाच्या हातात स्पीकरवर होता, म्हणून सगळ्या तांड्याला ऐकू आलं. कशामुळं हसलास ते आम्हाला नंतर कळलं. आता आमच्याकडून काय घडलं ते ऐक, म्हणजे तुला पुन्हा हसता येईल.

नायकानं मठापुढं सगळ्यांना बोलावलं. तांड्याचा नायक म्हणून त्याला बोलणं भागच होतं. "आपल्या माय-बहिणीचं रडणं यानं बाजारात मांडलं. पोलिसात जायचं तर घरचाच पोरगा. मग एकच करा. त्या व्हिडिओच्या खाली जाऊन शिव्या घाला. एक बी घर सुटायचं न्हाई. त्याला लाज वाटंल अन् तो काढून घेईल."

आपल्याकडं कुणी चुकलं तर त्याच्या दारापुढं जाऊन सगळ्या तांड्यानं बोलायचं, हीच रीत. माणूस दार उघडतो, मान खाली घालतो. आम्हाला वाटलं ते तुझं दार आहे.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी मी लिहिलं. आयुष्यात कुणाला शिवी न दिलेला मी, ओट्यावर बसून बायांच्या शिव्या शुद्ध मराठीत उतरवून देत होतो. जमनाबाई म्हणाली, "लिहा, तुझ्या कॅमेऱ्यात आळ्या पडोत." मी तिच्याकडं पाहिलं. "काय बघून राहिले? आळ्याच लिहा." मी आळ्याच लिहिल्या. आपल्या शिव्या पाहून सेनगाव, कळमनुरीकडच्या तांड्यांनीही घातल्या. कुणी आपल्याला उलट बोललं, आपण त्याला बोललो. आठवडाभर तांड्यात कुणी नीट जेवलं नाही.

आणि किती जणांनी पाहिलं तो आकडा वाढत गेला. आम्हाला वाटलं, लोक तुझी फजिती पाहायला येऊन राहिलेत.

मग तुझा फोन. "नायककाका, चालू द्या! थांबू नका. प्रेमानं माणूस एकदा बघतो, रागानं दहादा. तुमी जितक्या शिव्या घालताल तितकं ते लोकांपुढं जातं. मी पैसे देऊन बी इतकं झालं नसतं."

मग नायकानं विचारलं, "म्हंजे आता चांगलं लिहावं का?"

"चांगलं लिहा, वाईट लिहा, नुस्तं ठिपके घाला," तू म्हणालास. "फक्त गप बसू नका."

गप बसणं. तेवढं एकच हत्यार होतं आणि आम्ही ते पहिल्या दिवशीच टाकून दिलं होतं.

तरी ठरलं, उद्यापासून कुणी बघायचं नाही, लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नायक बाभळीमागं पाठमोरा बसलेला मला दिसला. हातात फोन. "मी बघत न्हाई," म्हणाला, "मला कोणी उत्तर दिलं का तेवढं बघून राहिलो." त्याच्या शिवीला हजारावर लोकांनी अंगठे दिले होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'हे काका भारी आहेत.' तेव्हापासून नायकाचा तुझ्यावरचा राग उतरायला लागला. काल तो मला म्हणाला, "काही म्हण भीमसिंग, पोरानं तांड्याचं नाव मुंबईपर्यंत नेलं." आता त्याचा फोन वाजला की याडी रडते आणि ठेका पडतो.

माझं सांगतो. मीही पाहतो. रोज सकाळी, आंघोळीनंतर, मठात जायच्या आधी. रागानं पाहतो, आता कुणी काय घाण लिहिली ते बघायला. एकानं लिहिलंय, 'आजी एक नंबर.' एकानं लिहिलंय, 'जिममध्ये हेच लावतो.' एका बाईनं लिहिलंय की तिचं लेकरू हे लावल्याशिवाय जेवत नाही. मग मी मठात जातो आणि डोळे मिटतो, तर पुढं महाराज नसतात, तो आकडा असतो. तू हिंगोलीच्या हमालाला धरलंस तसंच मला धरलंस. तुझ्या यंत्राला माझा संताप आणि त्याचा हलणारा पाय यांत फरक कळत नाही. दोन्ही एकाच मापानं मोजतं.

हे लिहिताना मला माझ्याच हाताची शिसारी येते आहे.

भीमसिंग


१८ एप्रिल

जगन,

तू हिंगोलीला बोलावलंस म्हणून आलो. पुढच्या रांगेत नायकाच्या शेजारी बसवलंस, शाल दिलीस. ती शाल मी एसटीत सीटवर ठेवून उतरलो. विसरून नाही.

गाण्याचं मी कसंतरी गिळलं होतं. पण त्याच रडण्याचा तू सिनेमा करशील असं वाटलं नव्हतं. लहानच आहे म्हणालास. लहान तर लहान. त्यात ती पुण्याची मुलगी मिना झाली होती. ठीक. पण मिनाच्या नवऱ्याला तू दारुडा केलास. तो तिला मारतो, विहिरीत ढकलतो. जगन, मिना तापानं गेली. तो माणूस तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडून दवाखान्यात धावला होता, तुला माहीत आहे. अजून दर दिवाळीला तो याडीच्या पाया पडायला येतो. येताना खारका आणतो.

बाहेर आल्यावर मी तुला हेच विचारलं. तू सिगारेट लपवलीस, तेवढा मान अजून ठेवतोस. म्हणालास, "भिया, ताप दाखवून काय होतं? लोकांना दोष द्यायला कोणीतरी लागतं. न्हाई तर त्यांचं रडणं जाऊन बसंल कुठं?"

हे वाक्य मी तेव्हापासून तोंडात घोळवतो आहे, किडक्या शेंगदाण्यासारखं. आपल्याला कुठं मिळालं दोष द्यायला कुणी? याडीचं रडणं कुठं जाऊन बसलं? ते तिच्यातच राहिलं, म्हणून तर तुला सापडलं.

अंधारात माझ्या मागं लोक हुंदके देत होते. खोटे नव्हते, मी वळून पाहिलं. मग दिवे लागले, सगळ्यांनी डोळे पुसले आणि समोसे आले. एक चांगल्या घरची बाई चटणी सांभाळत तुला म्हणाली, "ती आजी खरी आहे का हो?" तू म्हणालास, "माझी आई आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुझं तोंड, पोळ्याला आपला बैल पुढं आला की बाचं व्हायचं तसं झालं होतं. बाईनं रुमालानं ओठ पुसले. तोच रुमाल, डोळ्यांचा.

तू म्हणालास, ढावलो मरून राहिला, आताच्या पोरींना येत नाही, मी तो वाचवला. मी बसमध्ये यावर खूप विचार केला, कारण यात थोडं खरं आहे. पोरींना येत नाही. पण ढावल्याचं तोंड नेहमी खांद्यात असतं, जगन. गाणारी कुणाला दिसत नाही. ज्याच्या गळ्यात पडली त्याच्या कानात ते जातं, त्याच्या सदऱ्यावर ओल उमटते, आणि बाकीचे नुसता हुंदक्यांचा आवाज ऐकतात. एवढंच ते गाणं आहे. एका खांद्यापुरतं. तू तोंड इकडं फिरवलंस तेव्हाच ते मेलं. तू वाचवलेलं काही दुसरंच आहे.

आता शितलचं.

आधी तिलाही वाटत होतं की काकानं आपल्या लग्नाचा व्हिडिओ करावा. मी रागावलो नाही. तिच्या मैत्रिणी रोज विचारतात, "तुझा काका येणार ना?" नवरदेवाकडचे हट्ट्याजवळच्या तांड्यावरचे आहेत, त्यांच्याकडून तर दोनदा निरोप आला. नायकाचं तर ठरलंच आहे की लग्नानं तांडा पुन्हा गाजायचा. तुझा निरोप आलाच: ड्रोन आणतो, तीन माणसं आणतो, एक पैसा घेणार नाही, फक्त पाठवणीच्या वेळी दादी आणि नात एका फ्रेममध्ये पाहिजेत. 'लोकं दुसऱ्या भागाची वाट पाहून राहिलेत.'

शितलनं हा निरोप ऐकला आणि माझ्याकडं पाहिलं. मग दादीकडं. याडी चुलीपुढं बसली होती, तिनं फक्त डोक्यावरचा पदर पुढं ओढला, अगदी हनुवटीपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून शितल हळदीच्या खळ्यावर दादीबरोबर जायला लागली. फोन घरी ठेवून. मी लांबून पाहायचो. आधी नुसत्याच बसायच्या, हळकुंडं घोळायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी मला दिसलं की याडीचं तोंड शितलच्या कानाशी आहे आणि पोरगी मान हलवते आहे. काही ऐकू येत नव्हतं. याडी कुजबुजत होती. ढावलो, कुजबुजून.

मी जवळ गेलो तर याडी थांबली. म्हणाली, "भीमा, पोरीला तोंडी दिलं मी. तिचं ती म्हणंल. मी मांडवात म्हणायची न्हाई. अन् तो डोळा तिथं आसंल तर मी पाठवणीला बाहेर बी यायची न्हाई."

"अन् डोळा नसला तर?"

तिनं हातातलं हळकुंड फिरवून पाहिलं. "नसला तर बघू," म्हणाली. मी तिला शब्द दिला की डोळा नसेल.

म्हणून तुला हे पत्र. शब्द देऊन चार दिवस झाले आणि मी नायकाला सांगितलं नाही, व्याह्यांना सांगितलं नाही. आधी तुला सांगतो. तू ये. मोकळ्या हातानं ये. शितल एकेकाच्या गळ्यात पडेल, त्यात काकाची पाळी बापाच्या नंतर लगेच असते. ती जागा कॅमेऱ्यामागं उभं राहून भरता येत नाही.

भीमसिंग


११ मे

जगन,

काल शितलची पाठवणी झाली.

सकाळी फाट्यावर आपण बोललो ते तू गाडीत बसल्या बसल्या दुसऱ्या कुणाला निराळं सांगितलं असशील, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतो.

तुझी पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली. "भिया, रस्त्यात काहून उभा?"

"तुझीच वाट पाहून राहिलो."

"मग बस ना मागं."

"ही पोरं इथं हाटेलात चहा घेतील, खोकी गाडीत राहू दे. पोरांचं जेवण मी इथंच पाठवतो. तू चल माझ्यासंगं, पायी."

तू हसलास. मग माझ्याकडं नीट पाहिलंस आणि हसणं थांबवलंस. "माझं पत्र पोचलं न्हाई का?" मी विचारलं. "पोचलं," तू म्हणालास. "मला वाटलं तू रागात लिहिलंस." मागच्या सीटवरच्या पोराच्या मांडीवर ते ड्रोनचं खोकं होतं. तू त्याच्याकडं पाहिलंस, मग माझ्याकडं, आणि खरंच न कळल्यासारखं म्हणालास, "पण भिया, मग मी मोकळ्या हातानं येऊन करू काय?"

मला वाटलं होतं मी रागावेन. घरून निघताना चार शब्द तयार ठेवले होते. पण तो प्रश्न ऐकून माझ्यातलं सगळंच खाली बसलं. आपल्या पुतणीच्या लग्नात येऊन करायचं काय, हे तुला खरोखर ठाऊक नव्हतं. मी बाजूला झालो आणि हातानं दाखवलं की गाडी वळवायला जागा तिकडं आहे.

तांड्यावर येऊन मी सगळ्यांचे फोन मागितले. मठात महाराजांपुढं निखाऱ्यावर भोग लावायचा असतो, आणि अरदासची प्रार्थना संपेपर्यंत समोर ठेवलेलं कुणी उचलत नाही, ही रीत व्याह्यांकडंही आहे. मी म्हणालो, पाठवणीपर्यंत भोग चालू राहील. तूप मी घालत राहीन.

"नायकाचा फोन बी?" गुलाबचंदनं विचारलं.

"नायकाचा आधी."

"आरं, पण जगन येतो ना कॅमेरा घेऊन?"

"तो परत गेला."

नायकाचं तोंड पडलं. व्याह्यांकडचा एक जण म्हणाला, "मग आमी लोकांना दाखवायचं काय?" पण भोगाचा धूर निघाला होता. एकेकानं येऊन महाराजांपुढच्या पाटीत फोन ठेवला. काही जणांना हात कुठं ठेवावे ते कळेना, ते खिशात घालून उभे राहिले.

दुपार कलल्यावर बैल आणला. आता तांड्यात ट्रॅक्टर तीन आणि बैलजोडी एक, पण होती तेवढ्यावर भागलं. त्याच्या पाठीवर चढून हवेली हे निरोपाचं गाणं म्हणायच्या आधी शितल ढावलो म्हणायला लागली. पहिल्यांदा आईच्या गळ्यात पडली. मग माझ्या. ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की पोरीला चांगलं आलं.

तेवढ्यात मठाकडून तो ठेका ऐकू आला. नायकाचा फोन. याडी दारातून बाहेर येत होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिचाच आवाज पाटीतून रडत होता आणि खाली धडधड वाजत होतं. ती थांबली. सगळ्यांनी नायकाकडं पाहिलं. नायक मठाकडं धावला, पण दारात थबकला. भोग चालू होता, उचलता येईना. तो तिथंच उभा राहिला, मान खाली घालून, तो फोन वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत.

शितल पुढं गेली. "दादी, ते जाऊ दे. तू इकडं म्हण." आणि स्वतःच याडीच्या गळ्यात पडली. याडीचे हात आधी लोंबत होते. मग ते वर आले. तिनं तोंड पोरीच्या खांद्यात खुपसलं आणि पाठ आम्हा सगळ्यांकडं केली. काय म्हणाली, कुणाला ऐकू आलं नाही. पाठ हलताना दिसत होती. आवाज उष्टा होता की नव्हता, ते एकट्या शितलला माहीत.

मग मध्ये राहून गेलेली काकाची पाळी. तू नव्हतास. माणूस नसला तर त्याचं वस्त्र दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतात. जानेवारीत तू तुझा गमछा खुंटीवर विसरून गेला होतास. तो मी माझ्या डाव्या खांद्यावर घेतला. शितलनं आधी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मला वाटलं, टाळेल. मग तिनं गमछ्याचं टोक मुठीत धरलं, त्यात तोंड खुपसलं आणि तुझ्या वाट्याचा ढावलो म्हटला. लांब होता. माझ्यापेक्षाही लांब. त्यात तुझं नाव होतं, ती लहान असताना तू तिला कुठं नेलं होतंस ते होतं, आणि शेवटी दोन ओळी होत्या ज्या याडीनं शिकवलेल्या नव्हत्या. त्या तिनं जागीच रचल्या.

आज सकाळी मी व्हिडिओ पाहिला नाही. दिवा लावला, घरी आलो, आणि तुला हे लिहायला बसलो. त्या दोन ओळी तुला लिहून पाठवाव्यात असं आधी मनात होतं, कारण त्या तुझ्याच आहेत. एकदा लिहिल्याही. मग वाचून पाहिल्या. कागदावर त्या चांगल्याच दिसत होत्या, आणि मला लगेच कळलं की तू त्यातली कुठली सगळ्यात आधी ठेवशील.

तो कागद मी चुलीत घातला. गमछा न धुता खुंटीवर ठेवला आहे. ते शब्द आता शितलच्या तोंडात आहेत आणि माझ्या डाव्या कानात. त्यांच्याविना हे पाकीट मी चिकटवलं आहे.

भीमसिंग